‘मॅडम, ही जागा अपंगांसाठी आहे’

पत्र थोडं छोटं करून देते आहे. ओळख पटेल असे तपशील काढले आहेत.

“नमस्कार. मी 47 वर्षांची, राहते नेरुळला, नोकरी बेलापूरला. गेली 12 वर्षं मला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे सांधे सुजवून खराब करणारा संधिवात, आहे. औषधं वेळेवर घेते, गाडी स्वतः चालवते, चारचौघांत वावरताना कोणाला काही कळतही नाही. पण दोन्ही खुबे आणि डावा गुडघा खराब झालाय. सकाळी तास-दीड तास सांधे मोकळे होत नाहीत. सोसायटीत पार्किंग चिठ्ठ्या टाकून देतात. यंदा माझी जागा पोडियमच्या, म्हणजे इमारतीच्या पार्किंग मजल्याच्या, पार टोकाला आली. तिथून लिफ्टपर्यंत येताना दोनदा थांबावं लागतं. सेक्रेटरींकडे लिफ्टजवळची जागा मागितली तर म्हणाले, ‘सर्टिफिकेट आणा, नाहीतर उद्या प्रत्येक जण गुडघा दाखवत येईल.’ मागच्या महिन्यात एका मॉलमध्ये व्हीलचेअरचं चिन्ह असलेल्या जागी गाडी लावत होते, तर गार्ड म्हणाला, ‘मॅडम, ही जागा अपंगांसाठी आहे.’ मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मी गाडी काढली आणि काही न घेता घरी आले. माझा भाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो. तिथे त्याच्या सासूबाईंना याच आजारासाठी पार्किंगचा ब्लू बॅज मिळालाय. आपल्याकडे असा परवाना कुठे मिळतो? मी त्यात बसते का? माझ्या सासूबाई म्हणतात, कशाला स्वतःवर शिक्का मारून घेतेस. आणि आमच्याच मजल्यावर एक काका आहेत, त्यांचं हृदय फार कमजोर झालंय, वीस पावलांत दम लागतो. त्यांना असं काही मिळू शकेल का?”

ताई,

आधी सरळ उत्तर देते. ब्लू बॅजसारखा, देशभर चालणारा पार्किंगचा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. आपल्याकडे त्या जागी कामाला येतं ते दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्याच्यासोबतचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. तुम्ही जे लिहिलंय ते वाचून माझं मत पक्कं आहे की तुम्ही अर्ज करावा, आणि याच महिन्यात करावा. टक्के किती येतील ते तपासणारे डॉक्टर ठरवतील. सोसायटीतल्या जागेसाठी मात्र त्या कार्डाची वाट बघत बसू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमच्या सेक्रेटरींनी त्या एकत्र बांधल्या आहेत.

तुमच्या आजाराचे बरेच रुग्ण पहिल्याच पायरीवर मागे फिरतात, कारण कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की “हा आजार यादीत नाही.” यादी आहे, हे खरं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016मध्ये झाला, 19 एप्रिल 2017पासून लागू झाला आणि त्यात 21 प्रकार आहेत. 1995च्या जुन्या कायद्यात फक्त सात होते. नव्या यादीत पार्किन्सन्स आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल आहेत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव त्यात तुम्हाला सापडणार नाही. पण त्याच यादीत अस्थिव्यंग आहे, म्हणजे हालचालीवर मर्यादा आणणारं दिव्यांगत्व. ती मर्यादा अपघाताने आली, लहानपणीच्या पोलिओने आली की सांधे झिजून आली, यावर पात्रता अडत नाही. तुमचा अर्ज या प्रकारात बसतो. आजाराचं नाव शोधत बसलेल्या माणसाला हे दार दिसतच नाही.

लेस्टरच्या बाईंचंही मुळात तसंच झालं असणार. तिथे ब्लू बॅज स्थानिक कौन्सिल देते. काही ठरावीक सरकारी भत्ते मिळणाऱ्यांना तो थेट मिळतो. बाकीच्यांच्या बाबतीत चालणं किती अवघड आहे ते पाहिलं जातं. 30 ऑगस्ट 2019पासून इंग्लंडमध्ये बाहेरून न दिसणारे त्रासही त्यात धरले जातात. तो बॅज माणसाच्या नावावर असतो, गाडीच्या नाही. भावाच्या गाडीत बसल्या तरी त्यांचा, टॅक्सीत बसल्या तरी त्यांचाच. आपल्याकडेही प्रमाणपत्र तुमच्या नावावर निघतं, तेव्हा गाडी कोणाच्या नावावर आहे याची काळजी करू नका. बाजारात मिळणारं व्हीलचेअरचं स्टिकर काचेवर लावलं म्हणजे हक्क मिळाला, असं मात्र होत नाही. त्या स्टिकरला स्वतःची काही किंमत नाही, तुमच्या कार्डाला आहे.

आता तपासणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण नुकसान तिथेच होतं.

पायांचं मूल्यमापन करताना दोन बाजू बघतात. एक, सांधा किती वाकतो-वळतो आणि स्नायूंत ताकद किती आहे. दुसरी बाजू म्हणजे स्थिरता, आणि ती प्रत्यक्ष करून बघतात. सपाट जागेवर चालणं, उतारावर चालणं, जिना चढणं, दोन्ही पायांवर उभं राहणं, दुखऱ्या पायावर उभं राहणं, उकिडवं बसणं, मांडी घालणं, गुडघे टेकणं आणि वळणं. या नऊ गोष्टी आहेत आणि प्रत्येकीला दहा गुण आहेत. वेदना आणि सांध्याचा बेढबपणा यांना वर थोडी भर मिळते. एकाहून जास्त अवयवांत त्रास असेल तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही, त्याचं सूत्र आहे. त्यामुळे “खुब्याचे इतके, गुडघ्याचे तितके” असा हिशेब घरी मांडू नका. हाताची बोटं आणि मनगटंही धरली असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हातांचं मूल्यमापन वेगळं होतं आणि तुमच्या आजारात हात सहसा सुटत नाहीत. पत्रात तुम्ही हातांबद्दल एक शब्दही लिहिलेला नाही, म्हणून विचारते: बरणीचं झाकण उघडतं का? गाडीची किल्ली फिरवताना मनगट दुखतं का?

तपासणीच्या खोलीत एक गोष्ट हमखास घडते. डॉक्टर म्हणतात, “बसून दाखवा,” आणि आपली माणसं सगळं बळ एकवटून बसून दाखवतात. ओठ दाबून, टेबलाची कड घट्ट धरून, पण बसतातच. डॉक्टरांसमोर ‘जमत नाही’ म्हणायचा संकोच वाटतो. बायकांना तर जास्तच, आयुष्यभर ‘जमवून घ्यायची’ सवय असते ना. कागदावर मात्र लागतं, ‘बसू शकतात’. ताई, एखादी गोष्ट तुम्ही रोजच्या आयुष्यात करत नसाल तर तिथे करून दाखवू नका. “मी 12 वर्षांत जमिनीवर बसलेले नाही” हे वाक्य बोला. कष्टाने, एकदाच, आधार घेऊन जमत असेल तर ते तसंच सांगा. उलट टोकालाही जाऊ नका. रोजच्या गोळ्या मुद्दाम चुकवून सांधे आखडलेल्या अवस्थेत जाऊ नका, काठी वापरत नसाल तर त्या दिवसापुरती हातात घेऊ नका. खोटं सांगून दिव्यांगांसाठीचे लाभ घेतले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा याच कायद्यात आहे. तुम्हाला त्याची गरजही नाही. तुमचा नेहमीचा दिवस जसा असतो तसा सांगितलात तरी पुरे.

त्यासाठी आठवडाभर एक साधी नोंद ठेवा. सकाळी सांधे किती वेळाने मोकळे झाले, गाडीपासून लिफ्टपर्यंत कुठे थांबावं लागलं, कोणत्या दिवशी रजा घ्यावी लागली. तुमचे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट तुम्हाला इतकी वर्षं बघताहेत. त्यांच्याकडून एक पत्र घ्या, त्यात नुसतं निदान नको. कोणते सांधे कायमचे बिघडले आहेत, खुबा किती वाकतो, सलग किती चालता येतं, हे त्यांनी लिहावं. खुब्यांचे आणि गुडघ्याचे अलीकडचे एक्स-रे, जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी एकाच फाइलीत, तारखेप्रमाणे लावून न्या. तिथे प्रत्येकाच्या वाट्याला वेळ थोडा येतो. पानं उलटण्यात तो जाऊ नये.

अर्ज ऑनलाइन आहे, स्वावलंबन कार्ड या सरकारी पोर्टलवर, आणि त्याला शुल्क नाही. आधार, फोटो आणि पत्त्याचा पुरावा लागतो. स्वतः भरायला जमत नसेल तर ‘आपले सरकार’ सेवा केंद्रात भरून मिळतो. जिल्हा ठाणे निवडा. नवी मुंबईत राहणारे इथे चुकतात म्हणून सांगते: नेरुळ, वाशी, ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये, बोलताना आपण सगळ्यालाच नवी मुंबई म्हणत असलो तरी. तुमच्या ओळखीत तिकडचं कोणी असेल तर त्यांनी रायगड निवडायचा. जिल्हा निवडला की तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं असतं. ते निवडण्याआधी तिथे फोन करून किंवा कोणाला तरी पाठवून अस्थिव्यंगाची तपासणी कोणत्या वारी असते ते विचारा. चुकीच्या दिवशी गेलात तर तुमच्या खुब्यांना उगाच एक फेरी पडेल. दिव्यांगांसाठी महापालिकेच्या कोणत्या योजना आहेत हे वाशीच्या ईटीसी या महापालिकेच्या दिव्यांगांसाठीच्या केंद्रात विचारता येतं, तेही त्याच आठवड्यात उरकून घ्या.

2024च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने आहे. कार्डाचे रंग ठरलेले आहेत: 40 टक्क्यांखाली पांढरं, 40 ते 80च्या आत पिवळं, 80 आणि पुढे निळं. आरक्षण आणि बहुतेक सरकारी सवलती 40 टक्क्यांपासून सुरू होतात, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्या आकड्यावर असतं. आजार कमी-जास्त होण्याची शक्यता असेल तर प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं मिळतं आणि पुढे पुन्हा तपासणी होते. मुदतीचं मिळालं म्हणून खट्टू होऊ नका, त्या काळात त्याचा उपयोग पूर्ण असतो. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागून घ्या. निर्णयाविरुद्ध अपील करायची सोय कायद्याच्या कलम 59मध्ये आहे. कार्ड हातात आलं की डिजिलॉकरमध्येही घालून ठेवा, म्हणजे पर्स विसरली तरी फोनवर दाखवता येतं.

तुम्ही विचारलेलं नाही, पण गाडी स्वतः चालवणाऱ्या प्रत्येकाच्या मनात येतं म्हणून लिहिते: प्रमाणपत्र घेतलं म्हणून लायसन्स जात नाही. नूतनीकरणाच्या वेळी वयाच्या चाळिशीनंतर डॉक्टरांचा दाखला सगळ्यांनाच लागतो, तसा तो तुम्हालाही लागेल. ऑक्टोबर 2020पासून गाडीच्या नोंदणीत मालकीचा प्रकार ‘दिव्यांगजन’ असा नोंदवायची सोय झाली आहे. पुढेमागे गाडी बदललीत तर आरटीओत याची चौकशी करा. आणि तुम्ही नोकरी करता, तर 40 टक्के किंवा जास्त आले आणि तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर आयकरात 75 हजारांची वजावट मिळते, 80 टक्क्यांपासून सव्वा लाखाची. ऑफिसच्या अकाउंट्सला कळवा.

आता मॉलचा प्रसंग.

त्या जागा मॉलवाल्यांची मेहेरबानी नाहीत. ठाणे आणि नवी मुंबईला लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत लोकांच्या वापराच्या इमारतींसाठी लिहिलेलं आहे: प्रवेशद्वाराजवळ दोन गाड्यांची जागा दिव्यांगांसाठी, दारापासून जास्तीत जास्त 30 मीटरवर, आणि रुंदी किमान 3.6 मीटर. नेहमीची जागा अडीच मीटरच्या आसपास असते. हा वरचा मीटरभर कशासाठी, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. खुबा आखडलेला असताना एक पाय बाहेर टाकून उतरता येत नाही. दार पूर्ण उघडावं लागतं, सीटवर आख्खं वळून दोन्ही पाय एकदम जमिनीवर ठेवावे लागतात, मग दाराला धरून उठायचं. शेजारच्या गाडीने अर्धंच दार उघडू दिलं तर तुम्ही आत अडकलात. म्हणजे या जागेत तुम्हाला जवळिकीइतकीच रुंदीचीही गरज आहे, आणि गार्डला हे दिसणं शक्य नव्हतं. तो व्हीलचेअर शोधत होता.

त्याच्याशी वाद घालू नका. त्याला सुपरवायझरची बोलणी खायची असतात, आणि फुकट घुसणारे तो दिवसभर बघत असतो. त्या जागा तो राखतो म्हणूनच तुम्हाला त्या कधीतरी रिकाम्या मिळतील. काच खाली करा, कार्ड दाखवा आणि म्हणा, “दादा, मला चालायला त्रास आहे, हे माझं कार्ड, मला दार पूर्ण उघडावं लागतं.” बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. नाही भागलं तर गाडीतच बसून मॅनेजरला बोलवायला सांगा. हॉर्न वाजले तर वाजू देत. कार्ड पाहूनही नकार मिळाला, किंवा त्या जागी दुचाक्या आणि कुंड्या रचून ठेवलेल्या दिसल्या, तर फोटो काढा, तारीख-वेळ लिहून ठेवा आणि आधी मॉलच्या व्यवस्थापनाला लेखी कळवा. पुढची तक्रार महापालिकेकडे, आणि त्यानेही हललं नाही तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे. दिव्यांग हक्कांचा 2016चा कायदा मोडल्याबद्दल पहिल्यांदा दहा हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर 50 हजार ते पाच लाख दंड, अशी तरतूद कलम 89मध्ये आहे. रस्त्यावरच्या नो-पार्किंगमध्ये मात्र या कार्डाच्या भरवशावर गाडी लावू नका. ते त्यासाठी नाही.

सोसायटीचं प्रकरण वेगळं आहे. मॉलला लागणारा तो दोन गाड्यांचा नियम राहत्या सोसायटीला थेट लागत नाही. तिथे पार्किंगचं धोरण सर्वसाधारण सभा ठरवते. म्हणजे चिठ्ठ्या टाकण्याचं ठरवणारी जी सभा, तीच एक-दोन जागा चिठ्ठ्यांतून बाहेर काढून गरजेप्रमाणे द्यायचंही ठरवू शकते. सेक्रेटरींच्या एकट्याच्या ‘हो’ किंवा ‘नाही’वर हा विषय संपत नाही. त्यांना आलेली अडचण मी समजू शकते, उद्या सगळेच मागायला लागले तर काय करायचं. त्याला उत्तर आहे: जो मागेल त्याने डॉक्टरांचं पत्र द्यावं, आणि मागणी दर वर्षी तपासावी.

इथे कायद्यातली एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. ‘दिव्यांग व्यक्ती’च्या व्याख्येत 40 टक्क्यांचा आकडा नाही. दीर्घकाळ टिकणारी शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा संवेदनांची मर्यादा, जिच्यामुळे समोरचे अडथळे पार करून इतरांच्या बरोबरीने वावरता येत नाही, एवढंच त्यात आहे. 40 टक्के लागतात ते आरक्षणासारख्या विशिष्ट लाभांसाठी. 11 फेब्रुवारी 2021ला सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हाच फरक मांडला. त्या परीक्षार्थीला लिहिताना हात साथ देत नव्हता. 40 टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही म्हणून त्याला लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं, गरजेप्रमाणे वाजवी सोय मिळण्याचा हक्क 40 टक्केवाल्यांपुरता बांधून ठेवता येणार नाही. खटला परीक्षेचा होता, पार्किंगचा नव्हे. पण “सर्टिफिकेट नाही तर विषयच नाही” असं म्हणणाऱ्यापुढे ठेवायला हा मुद्दा भक्कम आहे. शिवाय याच कायद्यातल्या ‘खासगी आस्थापना’च्या व्याख्येत सहकारी संस्था हा शब्द स्पष्ट आहे. सोसायटी म्हणजे चार घरांचा आपसातला मामला, असं कोणी म्हणालं तर हे कलम 2 त्यांना वाचून दाखवा.

भांडणाची भाषा मात्र पहिल्या पत्रात नको. शेजारी राहायचंय. मी असं लिहीन:

“माननीय सचिव, मला 12 वर्षांपासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असून दोन्ही खुबे व डावा गुडघा बाधित आहेत. सध्याच्या पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालताना मला थांबावं लागतं आणि गाडीचं दार पूर्ण उघडल्याशिवाय उतरता येत नाही. लिफ्टजवळची एक जागा माझ्या सध्याच्या जागेच्या बदल्यात मिळावी, ही विनंती. मला जादा जागा नको आहे. डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज केला असून त्याची पोच जोडली आहे. समितीला हा निर्णय स्वतः घेता येत नसेल तर विषय आगामी सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा.”

दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या. ‘बदल्यात’ हा शब्द ठेवाच. बहुतेक विरोध “एकीला दोन जागा कशा” या गैरसमजातून सुरू होतो. लिफ्टजवळची जागा सध्या ज्यांच्याकडे आहे त्यांच्याशी पत्राआधी घरी जाऊन बोला. पुष्कळदा तो माणूस तिथल्या तिथे बदलायला तयार होतो, कारण त्याला आजवर कोणी विचारलेलंच नसतं. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि नोटीस 14 दिवस आधी निघते, तेव्हा पत्र ऑगस्टच्या सुरुवातीलाच द्या. सभेत तुम्हाला उभं राहून गुडघ्याचं वर्णन करायला लागू नये. नवरा किंवा एखादा समंजस सभासद विषय मांडू शकतो. लेखी नकार आला, किंवा उत्तरच आलं नाही, तर पुढे सहकारी संस्थांचं उपनिबंधक कार्यालय आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहेच. त्यांच्याकडे जाताना हीच पोच लागेल.

सासूबाईंचं म्हणणं प्रेमापोटी आहे, ते मला दिसतं. सुनेला कोणी कमी लेखू नये, हीच त्यांची धास्ती. त्यांना एवढंच सांगा की आजार आहेच, कार्डाने तो वाढत नाही. हे कार्ड कपाळावर लावून हिंडायचं नसतं. ऑफिसात, नातेवाइकांत कोणाला सांगायचं ते तुम्ही ठरवायचं. गार्डपुढे दहा सेकंद दाखवायचं आणि परत पर्समध्ये. आणि त्यांना एकदा तुमच्यासोबत पोडियमच्या टोकापासून लिफ्टपर्यंत चालवत आणा, तुमच्या वेगाने. घरातल्या माणसांनाही ते अंतर माहीत नसतं, कारण घरात शिरेपर्यंत तुम्ही चेहरा नीट करून घेतलेला असतो. तुम्ही त्या दिवशी मॉलमधून रिकाम्या हाताने परतलात, हे वाचून मला वाईट वाटलं. ती जागा तुमच्यासारख्यांसाठीच आखलेली आहे. कार्ड येईपर्यंत डॉक्टरांच्या पत्राची एक प्रत गाडीत ठेवा. त्याने जागा मिळेलच असं नाही, पण व्यवस्थापकाशी बोलायला हातात काहीतरी असेल.

काकांबद्दल उत्तर इतकं सोपं नाही. हृदय कमजोर असणं किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार हे 21 प्रकारांत नाहीत, आणि सांधे-स्नायू ठीक असतील तर अस्थिव्यंगातही ते बसणार नाहीत. निव्वळ हृदयावर यूडीआयडी कार्ड मिळणं कठीण आहे. वीस पावलांत दम लागणाऱ्या माणसाला दूरची जागा तुमच्याइतकीच जड जाते, तरी त्यांच्या हातात कागद नाही. ही कायद्यातली उणीव आहे असं मी मानते, आणि पार्किंगपुरती तरी ती चालण्याच्या क्षमतेवर पात्रता ठरवून भरून काढता येण्यासारखी आहे. तोवर मॉलमध्ये त्यांना दारात उतरवून गाडी पुढे नेणं, हाच व्यवहार्य मार्ग. दारात दोन मिनिटं थांबू द्या म्हटलं तर सहसा कोणी अडवत नाही.

सोसायटीत मात्र त्यांना जागा मिळायला काहीच आडकाठी नाही. तिथे 21 प्रकारांची यादी लावायची सक्ती सभेवर कोणी केलेली नाही. त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी ‘सलग इतकंच चालू शकतात’ असं लिहून दिलं की पुरे. त्यांचा अर्ज तुमच्या अर्जासोबतच द्या. एकाच मजल्यावरून दोन पत्रं, दोन वेगळे आजार आणि मागणी एकच, असं समोर आलं की समितीला एका बाईची अडचण सोडवण्याऐवजी धोरण ठरवावं लागेल. तुमच्या इमारतीत आणखी एखादं घर असं असेलच, त्यांनाही विचारा.